तिसरं गाणं

दर शनिवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये जोडीनं नाचायला माणसं जमतात. तिथे नियम एकच, तोही काकांचा: लागोपाठ दोन गाणी झाली की खुर्चीत बसून राहायचं नाही. तिसरं सुरू झालं रे झालं, की काका हात पुढे करून समोर हजर. "खुर्ची तापली असेल, उठा आता!" लाजरे, नवखे, दुसऱ्याचे पाय तुडवणारे, सगळ्यांना त्यांनी असंच उठवलं. मलाही.

काकांना ऐंशी पूर्ण झाली म्हणून आम्ही त्यांचा सत्कार केला. भाषणं झाली आणि भेट म्हणून दिली एक गुबगुबीत आरामखुर्ची. "आम्हाला खूप नाचवलंत, आता निवांत बसून बघा," अध्यक्ष म्हणाले. आम्ही सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मग मी गाणी लावली.

एक गाणं संपलं, दुसरंही संपलं. माझ्या टेबलाशेजारी काका खुर्चीत रुतून बसले होते. बुटाचं टोक तेवढं ताल धरून होतं.

तिसरं सुरू झालं आणि शिवणकामवाल्या मावशी सरळ त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. नवरा गेल्यानंतर त्या पहिल्यांदा इथे आल्या, तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीतून त्यांना काकांनीच उठवलं होतं. मावशींनी हात पुढे केला.

"काका, खुर्ची तापली असेल. उठा आता."

काका चक्क गोंधळले. माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "अरे, यावर काय म्हणायचं असतं? चाळीस वर्षांत मला कधी कुणी विचारलंच नाही."