आवडला का?

नेहरू प्लेस पालथं घालून श्रीरंगरावांनी लेकीला लॅपटॉप घेतला, पण जुना. नवा बजेटात बसेना. "आवडला का गं?" त्यांनी दोनदा विचारलं. चेतना फुगूनच होती. वाटेत त्यांनी मटार घेतले आणि पिशवी तिच्याकडे दिली.

"केवढी जड! आजच घ्यायचे होते का मटार?"

"तू भाजी धर. लॅपटॉपची बॅग मी घेतो. दिल्ली आहे ही."

लक्ष्मीबाई नगरच्या वळणावर मोटरसायकल आडवी आली. मागच्यानं चाकू काढला. "बॅग दे, अंकल! और लडकी, तेरे थैले में क्या है?"

तशी बाबांनी बॅग दोन्ही हातांनी छातीशी कवटाळली. "इसे हाथ लगा के दिखा!"

"सोडा ना, बाबा!" चेतना किंचाळत राहिली. चाकू पोटात दोनदा गेला, मग गळ्यावरून फिरला. रक्तानं भिजलेली बॅग हिसकावून ते पळाले.

तिसऱ्या दिवशी घरात नासक्या मटारांचा वास सुटला, म्हणून तिनं पिशवी उपसली. तळाशी बाबांच्या मफलरमध्ये गुंडाळलेला लॅपटॉप होता.



"आवडला, बाबा," रिकाम्या खुर्चीकडे बघत ती मोठ्यानं म्हणाली.