भुंग्याचे सेल

प्रज्ञेशने भिंतीवर डोकं आपटलं, तसा सहदेवबाबांनी आपला उजवा हात मांडीखाली दाबून धरला. नातवाला आवरावं कसं, ते त्यांना कळेना.

भुंग्याचे सेल संपले होते. भुंगा म्हणजे मसाजचं एक छोटं यंत्र. दीप्तीने, त्यांच्या सुनेने, ते जुन्या मोज्यात शिवून त्याला बटणांचे डोळे लावले होते. पोराला ऑटिझम. रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाईंनी दाखवलेलं थरथरणारं खेळणं परवडेना, म्हणून तिने हा स्वस्तातला उपाय काढला. पोरगं बिथरलं की भुंगा गालाला लावायचा. तो घूंऽऽ करायला लागला की पोरगं निवायचं.

बाबांच्या डोक्यात हे काही शिरत नव्हतं. त्यांना कंपवात. हात थरथरू नये म्हणून वेळच्या वेळी गोळ्या गिळायच्या, आणि त्याच घरात थरथरणारी वस्तू कौतुकाने शिवून ठेवायची! शिकलेल्या माणसांचं हे गणित त्यांना काही सुटत नव्हतं.

मागे त्यांच्या हातून प्रज्ञेशच्या पायावर चहा सांडला होता. दीप्ती एका शब्दाने बोलली नाही, पण बाबांनीच धसका घेतला. तेव्हापासून ते नातवाला हात लावत नसत. त्याला एकदा तरी जवळ घ्यावं म्हणून जीव तुटायचा. पण हाताचा भरवसा नव्हता.

आता दीप्ती सेल आणायला पालीच्या बाजारात धावली होती. जाताना म्हणाली, "बाबा, जरा बघा हां त्याच्याकडं." बघायचं म्हणजे काय करायचं, ते मात्र सांगून गेली नाही.

पोराने पुन्हा डोकं मागे घेतलं. बाबांना राहवलं नाही. ते धडपडत पुढे झाले आणि भिंत नि डोकं यांच्यामध्ये त्यांनी हात घातला.

डोकं तळहातावर आदळलं. घाबरल्यामुळे हात नेहमीपेक्षा जास्तच थरथरत होता. प्रज्ञेश थबकला. त्याने मान वळवली आणि हळूच गाल त्या हातावर टेकला.

बाबा चक्रावले. पोरगं दुखावलं की काय? हात स्थिर राहावा म्हणून त्यांनी डाव्या हाताने मनगट घट्ट धरलं. प्रज्ञेशने वैतागून तो डावा हात बाजूला ढकलला आणि पुन्हा गाल टेकून डोळे मिटले.

बाबा श्वास रोखून बसले. हात आपला थरथरत राहिला.

"मिळाले, बाबा, सेल मिळाले!" म्हणत दीप्ती धापा टाकत आली आणि उंबऱ्यातच थांबली.

बाबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते पुसायलाही त्यांनी हात काढला नाही.

"ठेव गो तिकडं," ते कुजबुजले, "हात कामात हाय."