चार व्होल्ट कुठे गेले

"कुणीतरी चावी फिरवायला या," इलेक्ट्रिशियन बाई बॉनेटच्या आडून म्हणाली.

ॲम्ब्युलन्सचा नवा ड्रायव्हर जेवायला गेला होता. आवारात पायलटशिवाय कुणी नव्हतं. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत ही गाडी तोच चालवायचा. मग त्याला गेटवरच्या खुर्चीत बसवलं. ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला पायलट म्हणायची पद्धत, म्हणून दवाखान्यात सगळे अजून त्याला पायलटच म्हणत. तो उठून आला आणि गाडीपासून दोन हातांवर थांबला.

"मला या गाडीला हात लावायला मनाई आहे."

"हात नका लावू. चावी लावा."

तो आत बसला. सीट कुणीतरी पुढे सरकवली होती. गुडघे स्टिअरिंगला टेकत होते, तरी त्याने ती मागे घेतली नाही.

बाईने मीटरच्या दोन सुया बॅटरीच्या दोन टोकांना टेकवल्या. "बारा पॉइंट सहा. बॅटरी भरलेली आहे. फिरवा."

खट्. पुढे काही नाही.

"अकरा पॉइंट आठ. चावी मारूनही दम टिकून आहे. बॅटरीला काही झालेलं नाही, काका."

"ही तिसरी आहे," पायलट म्हणाला. "दोन बदलल्या."

बाई गाडीखाली शिरली. खालून तिचा आवाज आला, "फिरवा." पुन्हा खट्. "स्टार्टरला फक्त सात पॉइंट सहा पोचतायत. निघतात पावणेबारा, पोचतात साडेसात. मधले चार कुणीतरी खातंय."

बाहेर येऊन तिने एक सुई बॅटरीच्या मायनसला लावली, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला. चावी फिरली तसा आकडा चढला. "चार पॉइंट एक. इथे पाव व्होल्टाच्या वर काही दिसायला नको. सापडला."

बॉडीकडून इंजिनाकडे जाणारी अर्थिंगची पट्टी होती. वरून तिला काळा रंग दिलेला, नटही चकचकीत. बाईने नट सोडला. पट्टीच्या टोकाखाली हिरवट भुकटीचा थर होता. "बडा घर पोकळ वासा," ती म्हणाली आणि कानशीने खरवडू लागली.

"किती दिवसांचं आहे हे?"

"असा थर महिन्या-दोन महिन्यांत धरत नाही. वर्ष तरी झालं असेल. मधूनच टेकतं, मधूनच सुटतं. म्हणून रोज कळत नाही."

पायलट म्हणाला, "आठ महिन्यांपूर्वी अशीच अडली होती. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वायरी जोडल्या, तर लगेच सुरू झाली. म्हणून सगळे म्हणाले, बॅटरीच उतरली होती. मागचा दिवा चालू राहिला असणार."

"काळा चिमटा कुठे लावला होता?"

त्याने डोळे मिटले. "इंजिनावर. दादाच्या शेजाऱ्याने लावला."

"मग होणारच सुरू. ही पट्टी वाटेत आलीच नाही. हॉर्न वाजत होता का तेव्हा?"

"वाजत होता. हॉर्न वाजवूनच मी माणसं गोळा केली."

"जोरात?"

"गल्ली उठली."

"मग बॅटरी उतरली नव्हती, काका."

त्या दिवशी स्ट्रेचरवर त्याची सख्खी वहिनी होती. गाडी दादाच्या दारात वीस मिनिटं उभी राहिली आणि वहिनी वाटेतच गेली. तिसऱ्या दिवशी मॅनेजरने कागद पुढे केला: दिवा चालू राहिला, चूक माझी. त्याने सही केली. तेव्हा त्याला नीट आठवत नव्हतं. पुढे मात्र आठवू लागलं. दिव्याच्या बटणाजवळून न थांबता पुढे गेलेला आपला हात त्याला रोज दिसे.

बाईने नट आवळला. "फिरवा."

गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. "शून्य पॉइंट दोन," तिने आकडा वाचला आणि मीटरच्या वायरी गुंडाळल्या.

आवाज ऐकून मॅनेजर बाहेर आला. "बॅटरीच ना?"

"बॅटरी ठणठणीत आहे. अर्थिंग खराब होतं. वर्षभर तरी."

"तसं लिहून द्या."

तिने बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं, आकड्यांसकट. मॅनेजरने दोनदा वाचलं. मग पायलटकडे न बघता म्हणाला, "उद्यापासून गाडीवर या."

"तो कागद मला द्या."

"फाइलला लावायचा आहे."

"फाइलला माझा एक कागद आहे," पायलट म्हणाला. "हा मला हवा."

मॅनेजर काही बोलायच्या आत बाईने दुसरा कागद घेतला आणि तेच पुन्हा उतरवून काढलं.

गेटच्या केबिनमध्ये दवाखान्याचा फोन होता. दादाने आठ महिन्यांत त्याचा फोन घेतला नव्हता. आज नंबर वेगळा दिसला म्हणून घेतला असावा.

"दादा, मी बोलतोय. ठेवू नकोस. एक वाचून दाखवतो."

त्याने कागद वाचला. बारा पॉइंट सहा, अकरा पॉइंट आठ, सात पॉइंट सहा, चार पॉइंट एक. आकड्यांतलं दादाला काय कळलं कोण जाणे. शेवटची ओळ मात्र त्याने पुन्हा वाचायला लावली. आठ महिन्यांपूर्वीही बॅटरी उतरलेली नव्हती.

"म्हणजे दिवा तू विसरला नव्हतास."

"नाही."

पायलटने दोनदा दादा म्हणून पाहिलं.

"मग आता मी कुणावर रागवायचं रे?" दादा म्हणाला.