पर्किंजे पेशीला फुटलेली पानं

ऐक ना, मध्ये बोलू नकोस. मेडिकलच्या गॅदरिंगला मी रांगोळीत लहान मेंदूतली पर्किंजे पेशी काढली. सकाळपासून उकिडवी बसून. पंख्यासारख्या चपट्या फांद्या, आणि अशा पेशीला मिळतो तो एकच मज्जातंतू त्यांच्यावर चढत गेलेला.

परीक्षक काकू बाहेरून आणलेल्या. म्हणाल्या, "झाड सुरेख गं, वेलही छान चढवलीस. पानं तेवढी राहिली."

"काकू, ही मेंदूतली पेशी आहे."

"असू दे, बाळा," म्हणत त्या वाकल्या आणि त्यांनी चिमटीत हिरवी रांगोळी घेऊन माझ्या पेशीला पानं काढली. अ‍ॅनाटॉमीच्या मॅडम शेजारीच होत्या, हाताची घडी घालून हसत.

आणि पहिला नंबर मलाच. 'झाडे जगवा' या विषयासाठी. स्टेजवर बोलावून माइक हातात दिला. तू असतीस तर काय बोलली असतीस?