शाईच्या बोटांची भाकरी

१९६२ची निवडणूक. रनाळ्यात रेडिओ फक्त रूपचंदकडे होता. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी कुठल्याशा परदेशी केंद्राने त्यावर हिंदीतून सांगितले, की यंदा बोटाला लावायच्या शाईत विष आहे. रूपचंदने ते गावभर केले. सकाळी एकही पुरुष मतदानाला शाळेकडे फिरकला नाही.

भजनी मंडळाच्या सरलाबाई आणि तालमीचा भटू पहिलवान यांनी मिळून दुपारी मारुतीच्या पारावर गावजेवण ठेवले. तालमीतल्यांनी शेताशेतांतून माणसे बोलावून आणली, मंडळाच्या बायांनी भरीत-भाकरी केली. सगळे पोटभर जेवले. रूपचंदने तर आणखी एक भाकरी मागितली. ती वाढताना सरलाबाईंच्या बोटाकडे त्याचे लक्ष गेले.

"वहिनी, बोटले हाई काय शे?"

"शाई. आम्हीन समद्याजनी सकायमा मत दी उनूत, मंग भाकरी थाप्यात."

पंगतीतल्यांनी वाढणाऱ्या बायांची बोटे पाहिली; सकाळी मत देऊन आलेल्या त्याच हातांनी भाकरी थापली होती. रूपचंदने हातातला घास खाली ठेवला, थोडा विचार केला आणि परत उचलून तोंडात घातला.

"चला रे," तो म्हणाला, "जहर ते पोटमा गयं. आते मत तरी दी टाकूत."