एकटीनं ढकललेली बस

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण आज मी एकटीनं अख्खी बस ढकलली!" कॉलेजचा पहिला दिवस उरकून आलेल्या लेकीनं जेवताना जाहीर केलं.

शहराच्या या टोकाहून त्या टोकाला, तेही बस बदलून जायचं, म्हणून बाबांनी स्कूटरवर सोडायचा हेका धरला होता. लेक हटली नाही. "आज तरी एकटीच जाणार. माझ्या मागावर कुणाला पाठवलंत, तर शिक्षण संपेपर्यंत बसनंच फिरेन, आणि तुम्ही हूं की चूं करायचं नाही!" बाबांनी गळ्याला हात लावून कबूल केलं होतं. पाठवणार तरी कुणाला? आत्या तर सकाळपासून गुडघा धरून अंथरुणात.

"पुलाच्या चढावर बस बंद पडली," लेक रंगात आली. "बाप्ये हाताची घडी घालून उभे! मी बाह्या सरसावल्या आणि असा रेटा दिला की बस थेट पुढच्या स्टॉपवर. ड्रायव्हर म्हणाला, ताई, रोज येत जा."

आई-बाबा पोट धरून हसले. आत्याचा घास मात्र हातातच राहिला. खोटं ऐकून गप्प बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं. लेकीनं तिच्याकडे बघतच शेवटची थाप ठोकली, "एक माणूस मदतीला आला असेल, तर शपथ!"

 

"किती थापा मारशील गं!" आत्या कडाडली. "तोंडाला ओढणी गुंडाळून तुझ्या शेजारी मी रेटत होते ना, या दुखऱ्या गुडघ्यानं!"