ट्रॉलीतला देव

उघडी जीप आणि मागं छोटी ट्रॉली घेऊन चौघे मित्र लातूरहून सहस्रकुंडाच्या धबधब्याला निघाले. ट्रॉली कुणी उघडून बघू नये म्हणून मल्लेशनं तिच्यावर गणेश मंडळाचं भगवं कापड बांधलं, वर झेंडूचा हार टाकला. युक्ती नामी होती. नाक्यावरच्या पोलिसानंही हात जोडले.

हदगावजवळ चहाला थांबले, तर एक म्हातारी चप्पल काढून आली.

"देव कुठं निघाले, लेकरांनो?"

"सहस्रकुंडाला," मल्लेश बोलून गेला.

तिनं ट्रॉलीवर डोकं टेकलं. "देवा, माझ्या लेकाची दारू सुटू दे. लई मारून राहिला सुनेला."

चौघांना मान वर करवेना. मल्लेशनं घाईनं जीप सुरू केली.


धक्क्यानं आतल्या बाटल्या वाजल्या, आणि म्हातारीचे डोळे भरून आले. "घंटा वाजली! ऐकलं बाई देवानं."